तिसऱ्या मजल्याचं माप

१

इग्शान कामाला गेला की नुरान आधी खिडक्या उघडायची आणि मग झाडू हातात घ्यायची. सॉल्ट रिव्हरच्या वस्तीत वारा सुटला की बंद दाराच्या फटीतूनही धूळ आत येते, त्यामुळे झाडण्याला सुट्टी नव्हती. घर लहान, लाकडी फळ्यांच्या जमिनीचं. झाडून झालं की चहा, चहा झाला की कानाला हेडफोन लावून विमा कंपनीच्या गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी ऐकायची. असा तिचा दिवस.

इमारत जुनी होती. लाल विटांची, उंच खिडक्यांची. पूर्वी इथे कपड्यांचा कारखाना होता. शाळेचे गणवेश, नर्सांचे झगे, हॉटेलांच्या चादरी इथून जात. मग बाहेरच्या देशांतून स्वस्त कपडा येऊ लागला आणि एका डिसेंबरात कारखान्याला कुलूप लागलं. पुढे बरीच वर्षं तिथे कबुतरं नांदली. शेवटी बिल्डर आला, लांबच लांब हॉलमध्ये भिंती घालून त्याने फ्लॅट पाडले आणि दारावर 'द बॉबिन' अशी पाटी लावली. जमिनीच्या फळ्या मात्र जुन्याच ठेवल्या. शिलाई मशीनचे पाय जिथे ठोकलेले होते तिथली भोकंसुद्धा बुजवली नाहीत. घर दाखवणारी बाई ती भोकं दागिन्यांसारखी दाखवत होती. इग्शान म्हणाला, "माझ्या जुन्या गाडीलाही अशीच भोकं होती. तेव्हा कुणी कौतुक केलं नाही."

नुरानला घर पाहताक्षणीच आवडलं होतं. खिडकीतून डोंगर दिसायचा आणि पलीकडच्या मशिदीची बांग यायची. ती गरोदर होती. याआधी एकदा सगळं होता होता राहून गेलं होतं, म्हणून या वेळी तिने बाळासाठी काहीही आणलं नव्हतं. टोपडं नाही, दुपटं नाही. कपाटातला खालचा खण तेवढा मोकळा ठेवला होता आणि तो ती उघडतही नसे.

एका सकाळी झाडताना सुपलीत पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे आले. बोटाएवढे, दोन्ही टोकांना सफाईने कापलेले. आपल्याच कुठल्या तरी कपड्याचे असतील म्हणून तिने ते टाकून दिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा होते. तिसऱ्या दिवशीही. नेहमी खिडकीजवळच्या त्याच फळीवर. मग तिने स्वतःची समजूत घातली: जुन्या फळ्या, फटींमध्ये इतक्या वर्षांचा दोरा अडकलेला असणार, वाऱ्याने वर येतो. समजूत चांगली होती. फक्त इतक्या वर्षांचा दोरा इतका पांढरा कसा राहिला, ते तिला सांगता आलं नसतं.

२

मग खडूची रेघ आली.

निळ्या सैल झग्यावर, पोटाच्या बाजूला, एक आखूड पांढरी रेघ. पट्टी लावून ओढल्यासारखी. नुरानने ती पाण्याच्या हाताने पुसली. काही दिवसांनी दुसऱ्या झग्यावर तशीच रेघ, पण थोडी पुढे सरकलेली.

"तू भिंतीला घासली असशील," इग्शान म्हणाला. तो फ्रिज दुरुस्त करायचा आणि प्रत्येक गोष्टीला कुठे तरी गळती असते यावर त्याचा विश्वास होता.

"आपल्या भिंती पिवळ्या आहेत."

"मग शाळेसमोरून गेली असशील."

"आणि शाळेतला खडू बाहेर येऊन माझ्या पोटावर रेघ मारून गेला?"

"आजकालच्या शाळांचं काही सांगता येत नाही." तो वाकला, त्या रेघेवर ओठ टेकवले आणि ओठाला लागलेलं पांढरं तिला दाखवत बसला. तीही हसली. पण त्या रात्री झगा काढताना तिला आणखी एक रेघ दिसली. ती पाठीवर होती, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, जिथे स्वतःचा हात पोचत नाही.

इग्शानला तिने ती दाखवली नाही. दाखवली असती तर त्याच्याकडे कारण तयार असतं, आणि तिला नेमकी त्याच कारणाची भीती वाटत होती. कारण चुकीचं निघालं तर पुढे काय, हा प्रश्न उरला असता.

३

रविवारी सकाळी आँटी मुनीबा आल्या. त्या इग्शानच्या आईच्या थोरल्या बहीण. दोन गल्ल्या सोडून राहायच्या, आणि शाळा सुटल्यापासून कारखाना बंद पडेपर्यंत त्यांनी याच तिसऱ्या मजल्यावर मशीन चालवलं होतं. कुलूप लागल्यापासून मात्र त्यांनी इमारतीत पाऊल टाकलं नव्हतं. नुरानने किती तरी वेळा बोलावलं, तेव्हा कुठे त्या खोबऱ्यात घोळवलेल्या पाकातल्या कुसिस्टरांचा डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"लिफ्ट लावलीय म्हणे तुमच्यात," त्या धापा टाकत म्हणाल्या. "आमच्या वेळी लिफ्ट कापडाला होती. आम्हाला जिना."

"मग आता तरी लिफ्टने यायचं ना, आँटी."

"सवय जात नाही, मुली."

खोली मोकळी होती, दारापासून खिडकीजवळच्या खुर्चीपर्यंत सरळ वाट होती. पण आँटी सरळ गेल्या नाहीत. आधी भिंतीकडेने गेल्या, मग कशाला तरी वळसा घातल्यासारख्या डावीकडे वळल्या, अंग चोरून थोड्या तिरप्या झाल्या आणि खुर्चीत बसल्या.

"अशा भिंतीकडून का आलात?"

"कुठून आले?" आँटींनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

चहा झाला. आँटी खिडकीतून बाहेर बघत बोलू लागल्या. साहेबांच्या नकला करून दाखवल्या. रमजानमध्ये ख्रिस्ती बायका मुसलमान बायकांसमोर डबा उघडायच्या नाहीत आणि नाताळात या त्यांच्या वाटणीचं काम उरकून द्यायच्या, ते सांगितलं. मग म्हणाल्या, "पोटुशी बाई मात्र लपवायची. साहेबाला कळलं की नोकरी गेली. एप्रन उंच बांधायची, वाकायची नाही. पण बायकांपासून काय लपतं?"

"मग तुम्ही काय करायचात?"

"बोलायचो नाही. एक अक्षर नाही. येता-जाता माप घ्यायचं. उरलेल्या चिंध्या जमवायच्या आणि जेवणाच्या सुट्टीत शिवायचं. एकीने गळा करायचा, दुसरीने बाह्या, काजं कायम माझ्याकडे. दिवस भरत आले की एका शुक्रवारी तिच्या खुर्चीवर पुडकं. तीही काही बोलायची नाही. डोळे पुसायची आणि मशीन सुरू."

"साहेबाला पत्ता लागायचा नाही?"

"साहेबाचा डोळा ताग्यावर. चिंध्यांकडे कोण बघतो?"

नुरान कप उचलायला वाकली तेव्हा आँटींची नजर तिच्या कुशीवर पडली. तिथे ताजी रेघ होती. आँटींनी अंगठा पुढे केला, पण रेघ पुसली नाही. नुसता जवळ धरला.

"हे कुणी केलं?"

"ठाऊक नाही. सारखं होतंय."

आँटींनी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत निरखली. मग हात मागे घेत हळूच म्हणाल्या, "रेघ चांगली मारलीय." आणि त्यांनी डब्यातला कुसिस्टर उचलून तोंडात टाकला, जसा काही विषय संपला.

४

दुपारी काम करताना नुरानला एक नवीच गोष्ट जाणवू लागली. हेडफोन कानावर असताना काही नसायचं. ते काढले की त्या क्षणी खोली गप्प झालेली असायची. म्हणजे गप्प असायची असं नाही, गप्प व्हायची. बायका बोलत असलेल्या खोलीत आपण शिरावं आणि सगळ्यांनी एकदम थांबावं, तसं. ती मुद्दाम झटकन हेडफोन काढून बघायची. प्रत्येक वेळी त्या आधी थांबलेल्या असायच्या.

'त्या' हा शब्द आपण कधीपासून वापरायला लागलो, हे तिला आठवेना.

एका दुपारी ती खिडकीशी उभी होती. डोंगरावर ढगांची चादर पसरत होती. पाठीमागून काही तरी अरुंद आणि गार तिच्या अंगाभोवती फिरलं. कमरेवरून, कुशीवरून, पुढे आलं. बेंबीपाशी दोन बोटांची टोकं जुळली आणि क्षणभर थांबली. झग्यावरूनही त्यांचा गारवा लागत होता. मग सुटली.

नुरान ओरडली नाही. आणि तिला भीतीहून जास्त एका गोष्टीनं हलवलं, की ती बोटं फार जपून टेकली होती. आतलं कुणी जागं होऊ नये अशी.

तरीही तिने आईला फोन लावला. "चार दिवस येते तुझ्याकडे," एवढंच सांगितलं. बॅग काढली, कपडे भरू लागली. घाईत तिच्या हातून खालचा खण ओढला गेला, तो, जो ती उघडत नसे.

खणात एक झबलं होतं.

पांढरं. नीट बघितल्यावर तीन पांढऱ्यांचं. पाठ चादरीच्या कापडाची, बाह्या शर्टाच्या, पुढचा भाग कसल्या तरी जाडसर झग्याचा. आतली शिवण बाळाला टोचू नये म्हणून दाबून सपाट केलेली. मागे एकच काज. आणि ते सगळं तिच्या तळहातावर मावत होतं.

ती जमिनीवर बसली. एवढं लहान मूल जन्माला येत नाही. आलं तर ते हाती राहत नाही, हे तिला एकदा कळून चुकलं होतं.

इग्शान घरी आला तेव्हा ती तशीच बसलेली होती. त्याने झबलं हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. "बाहुलीचं असेल," तो म्हणाला. पण त्याचा आवाज कुठे तरी गळत होता.

"माप घेतलंय, इग्शान. मला माहितेय."

"कुणी?"

"मला दवाखान्यात ने."

"झबल्यासाठी? काय सांगू तिथे?"

"झबल्याचं नको सांगूस. पाय सुजलेत सांग. अंगठी निघत नाही सांग. सकाळपासून डोळ्यांपुढे ठिणग्या नाचताहेत, ते सांग." बोलता बोलता तिचं तिलाच ऐकू आलं. हे सगळं खरं होतं आणि दिवसभर ती त्याकडे बघतच नव्हती.

इग्शानने गाडीची किल्ली घेतली. निघताना झबलं खिशात घातलं. का, ते त्याला नंतरही सांगता आलं नाही.

५

सरकारी प्रसूतिगृहातल्या सिस्टरने रक्तदाब पाहिला, पट्टा सोडला, पुन्हा बांधला आणि पुन्हा पाहिला. मग शांतपणे म्हणाली, "आज आलात ते बरं केलंत," आणि भराभर चालत डॉक्टरांना बोलवायला गेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, थकलेल्या होत्या, पण त्यांनी काहीही लपवलं नाही. रक्तदाब उतरत नाहीये, वाट बघितली तर आई-बाळ दोघांनाही धोका, बाळाला आजच बाहेर काढावं लागेल.

मुलगी झाली. इग्शानच्या पंजाएवढी. काचेच्या पेटीत ती पडून होती आणि तिची छाती पाखरासारखी उडत होती. तिचं नाव तोहिरा ठेवलं, आजोळकडून आलेलं.

पुढचे दिवस नुरानला नीट आठवत नाहीत. आठवतं ते इतकंच, की एका सकाळी सिस्टर म्हणाली, आता आईच्या छातीशी धरता येईल, पण अंगात काही तरी हवं, आणि आमच्याकडचं सगळ्यात लहान झबलंही हिला रजईसारखं होतंय. इग्शानने खिशात हात घातला.

बाह्या मनगटावर येऊन थांबल्या. गळा बेताचा. कुठे चिमटा नाही, कुठे झोळ नाही.

सिस्टरने कड उलटून पाहिली. "कोण शिवतं हो असं? आतली शिवण इतकी कुणी दाबत नाही आता."

"घरातल्या बायका," इग्शान म्हणाला. आणि मग व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिला.

६

तोहिरा घरी आली तेव्हा वाऱ्याचे दिवस संपत आले होते. अजून ती लहानच होती, पण रडायला लागली की शेजारच्या फ्लॅटमधला म्हातारा टीव्हीचा आवाज वाढवायचा, इतपत दम आला होता. जमिनीवर आता दोरे सापडत नव्हते. नुरान आईकडे राहायला गेली नाही. जावं असं तिला वाटलंही, पण घरात शिरताना पोरीने पहिल्यांदाच मोठ्ठी जांभई दिली आणि ते राहून गेलं.

एका दुपारी वारा अचानक पडला. तोहिरा खिडकीजवळ टोपलीत झोपली होती. नुरान ओट्याशी पाणी गरम करत होती. ओटा त्याच खोलीच्या कोपऱ्यात होता. तिने गॅस बंद केला आणि वळली.

टोपली रिकामी होती.

आणि भिंत नव्हती. शेजारच्या फ्लॅटकडची पिवळी भिंत जिथे असते, तिथून उजेड येत होता. पलीकडच्या खिडकीचा, त्यापलीकडच्या खिडकीचा, अशा ओळीने लांबवर गेलेल्या खिडक्यांचा. त्या उजेडात पाठी दिसत होत्या. वाकलेले खांदे, डोक्याला बांधलेले रुमाल, एप्रनच्या गाठी. चेहरा एकही नाही. चेहऱ्यांकडे बघायला तिची नजर वर होईना.

हात मात्र दिसत होते. तोहिरा त्या हातांमधून चालली होती. एका हाताने आपला तळवा आधी एप्रनवर घासून ऊन केला आणि मग तिला घेतलं. दुसऱ्याने झबल्याची कड खाली ओढली. तिसऱ्याने पायाचं बोट धरून नुसतं हलवलं. काही घाई नव्हती. बारशाला जमलेल्या बायकांच्या मांडीवरून बाळ जावं, तशी ती एकीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे जात होती, आणि प्रत्येक वेळी एक खिडकी लांब जात होती.

नुरानचे पाय जागचे हलले नाहीत. एकच विचार डोक्यात होता, की आपण किंचाळलो तर त्या दचकतील. दचकल्या तर हात सुटेल.

अगदी शेवटच्या खिडकीपाशी एकजण बाकीच्यांहून थोडी वेगळी बसली होती. तिने मागे वळून पाहिलं नव्हतं. हातही पुढे केले नव्हते. शेजारणीने तोहिराला तिच्या मांडीत ठेवलं तेव्हा कुठे ते हात उठले, सावकाश, सवय नसल्यासारखे. आणि मग तिथेच थांबले. सगळा हॉल थांबला. आता तिला पुढे द्यायला कुणी उरलं नव्हतं.

नुरानने हाक मारली. ओठ हलले पण आवाज फुटला नाही. त्या लांबवरच्या पाठीकडे ती बघत राहिली. ती पाठ हळूहळू डुलायला लागली होती.

मग नुरान बोलली, घरातल्या मोठ्या माणसाशी बोलावं तशा आवाजात. "आँटी, आता द्या तिला. भूक लागली असेल."

डुलणं थांबलं. गाठोडं उचललं गेलं. एका हातातून दुसऱ्या हातात, खिडकीमागून खिडकी, तोहिरा परत येऊ लागली. शेवटी नुरानच्या कोपरात वजन आलं, ऊबदार, झोपलेलं. तिने डोळे मिटले. उघडले तेव्हा पिवळी भिंत होती, भिंतीवर कॅलेंडर होतं आणि पलीकडे म्हाताऱ्याच्या टीव्हीवर क्रिकेट चाललं होतं.

ती खुर्चीत बसली आणि विचार करू लागली. जागरणं झालीत. पोर मांडीवर असताना डोळा लागला असेल. गॅस आपण बंद केला की नाही तेही नीट आठवत नाही. हे सगळं पटण्यासारखं होतं. तिने तोहिराला पाजायला घेतलं तेव्हा तिच्या गालाला इस्त्रीच्या वाफेचा वास येत होता. आणि काखेत घट्ट होऊ लागलेल्या झबल्याची शिवण कुणी तरी उसवून, सैल करून, पुन्हा घातलेली होती.

७

दोन दिवसांनी ती तोहिराला घेऊन आँटी मुनीबांकडे गेली. आँटींना महिनाभर खोकला होता. एवढ्याशा जिवाला बाधू नये म्हणून त्यांनी पोरीला अजून दुरूनही पाहिलं नव्हतं. आता त्या बऱ्या झाल्या होत्या. त्यांनी वेलची घातलेला चहा केला आणि नुरानने घडलं ते सगळं सांगितलं. इग्शानला सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगितलं.

आँटी चहा पीत ऐकत होत्या. शेवटच्या खिडकीचं ऐकलं तेव्हा मात्र त्यांनी कप खाली ठेवला.

"घेतलं तिने?"

"घेतलं. सगळ्यांत जास्त वेळ तिच्याचकडे होती."

"म्युरिएल," आँटी म्हणाल्या. "शेवटच्या खिडकीचं मशीन तिचं. तिचंही पुडकं तयार होतं. काजं मीच केली होती. द्यायची वेळ आली नाही." आणि पदराच्या टोकाशी चाळा करावा तसा त्या रुमालाच्या टोकाशी चाळा करत राहिल्या.

"आँटी, एक सांगू?"

"सांग."

"पहिल्यांदा हाक मारली तेव्हा आवाज फुटला नाही, ते भीतीने. पण मग आवाज आला होता घशात. तरी मी लगेच बोलले नाही."

"का गं?"

"ती डुलत होती. म्हटलं, डुलू दे जरा."

आँटींनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते, पण त्या हसत होत्या. त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"आण इकडे तिला."

नुरानने तोहिराला त्यांच्या हातात दिलं. आँटींनी आधी तळवा झग्यावर घासून ऊन केला, मग पोरीला नीट कोपरात घेतलं, वर-खाली हलवून अंदाज घेतला.

"परवापेक्षा भरलीय थोडी," त्या म्हणाल्या आणि तिच्या टोपड्याची नाडी सारखी करू लागल्या.